पुरावा मिळाला नाही की घेतलाच नाही?

खैरलांजीच्या निकालाचा विषय निघाला की आपल्यातलेच शिकले-सवरलेले लोक एक वाक्य सहज बोलून जातात. "कोर्ट तरी काय करणार, पुरावाच नव्हता." हे वाक्य ऐकले की आमच्या अंगाचा तिळपापड होतो. पुरावा काही आभाळातून पडत नाही. पोलीस तो गोळा करतात, डॉक्टर नमुने काढतात, पंच सह्या करतात, मग तो कोर्टात जातो. म्हणून पुरावा नव्हता असे म्हणायचे, की तो वेळेवर घेतलाच नाही असे म्हणायचे, एवढा एकच सवाल आज आम्हाला विचारायचा आहे.

२९ सप्टेंबर २००६ ची संध्याकाळ. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातले खैरलांजी. गावात आपली घरे हातावर मोजण्याइतकी. त्यातले एक भोतमांगेंचे. स्वतःची शेती करणारे, मुलांना शिकवणारे बौद्ध कुटुंब. शेतातून जाणाऱ्या रस्त्याचा वाद गावाने वर्षानुवर्षे धुमसत ठेवला होता. त्या संध्याकाळी सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका आणि सुधीर व रोशन ही दोन मुले, असे चौघे जमावाने ठार मारले आणि मृतदेह कालव्यात फेकले. भैय्यालाल तेवढे वाचले.

पुराव्याची हेळसांड मात्र या संध्याकाळी सुरू झाली नाही, ती आधीच सुरू झाली होती. ३ सप्टेंबरला या कुटुंबाच्या पाठीशी उभे राहणाऱ्या, शेजारच्या गावच्या आपल्याच समाजातील पोलीस पाटलाला मारहाण झाली. सुरेखाताई आणि प्रियंका यांनी मारणाऱ्यांना ओळखले, साक्ष दिली. दोन बौद्ध स्त्रिया गावातल्या दांडग्यांविरुद्ध साक्षीला उभ्या राहतात ही केवढी मोठी गोष्ट! पण आरोपी २९ तारखेला पकडले गेले आणि त्याच दिवशी जामिनावर सुटून बाहेर आले. साक्षीदारांना संरक्षण नाही. गावात साधा एक शिपाई नाही. आरोपी सुटले ते थेट साक्षीदारांच्या दारात गेले. ज्या दोघी त्या मारहाणीचा जिवंत पुरावा होत्या, त्या त्याच रात्री संपवल्या गेल्या. पोलिसांनी पुरावा कसा सांभाळला असे आम्ही विचारतो, तेव्हा आमचा पहिला प्रश्न या दोघींबद्दल आहे.

त्यानंतरची ती रात्र. घटनेची वर्दी फोनवरून आंधळगाव पोलीस ठाण्यापर्यंत गेली होती. पोलीस वेळेवर पोचले नाहीत. खुनाच्या तपासात पहिले काही तास म्हणजे सर्व काही. रक्ताचे डाग, काठ्या, कपडे, मृतदेह नेल्याच्या खुणा, कोण कुठे उभे होते हे सांगणारी ताजी तोंडे. ते सगळे रात्रभर कोणाच्या ताब्यात होते? ज्यांनी खून केला त्यांच्या आणि ज्यांनी तो पाहिला पण पुढे तोंड उघडायचे नाही असे ठरवले त्यांच्या. सकाळी गाव मुके झाले होते.

आणि मग शवविच्छेदन. इथे आम्ही थोडे थांबणार आहोत, कारण सगळ्या खटल्याचे मर्म इथेच आहे. प्रियंकाचा मृतदेह निर्वस्त्र अवस्थेत कालव्यात सापडला. जिल्ह्यातल्या कोणत्याही हवालदाराला, कोणत्याही डॉक्टरला अशा मृतदेहाचा अर्थ सांगावा लागत नाही. अत्याचाराचा संशय धरून नमुने घ्यायचे, त्यांवर शिक्के मारून न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवायचे, जखमांची एक एक नोंद करायची, शक्य तर महिला डॉक्टर बोलवायची, हे नेहमीचे काम आहे. ते पहिल्या तपासणीत नीट झाले नाही. आरडाओरडा झाल्यावर पुरलेले मृतदेह पुन्हा उकरून दुसऱ्यांदा तपासणी झाली. तोपर्यंत दिवस उलटले होते. आधी पाणी, मग माती. पाण्यात आणि मातीत राहिलेल्या शरीरावर असा पुरावा टिकत नाही, हे वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळते. मग दुसऱ्या तपासणीत काही आढळले नाही, यात नवल ते काय? जे सापडणार नाही अशी व्यवस्था आधी झाली, ते नंतर सापडले नाही म्हणून अहवाल लिहिला गेला.

अत्याचार झालाच होता असा निवाडा आम्ही या स्तंभातून देत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की तो झाला की नाही हे तपासण्याची जी एकच वेळ होती, ती वाया घालवली गेली. खात्याने ती वाया घालवली आणि तिची किंमत मेलेल्या मुलीला मोजावी लागली.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. महिनाभर वर्तमानपत्रे गप्प. जी बोलली त्यांतली काही अनैतिक संबंधांच्या कंड्या पिकवत होती. समाज रस्त्यावर उतरला तेव्हा त्यामागे नक्षलवादी आहेत अशी भाषा सुरू झाली. 'यशदा'च्या अहवालाने पोलीस आणि डॉक्टरांवर बोट ठेवले. लोकांच्या रेट्याने तपास सीबीआयकडे गेला. पण सीबीआय तरी वाहून गेलेले कोठून आणणार? ११ जणांवर दोषारोपपत्र गेले. १५ सप्टेंबर २००८ रोजी भंडाऱ्याच्या न्यायालयाने ८ जणांना दोषी धरले, ३ जणांना सोडले. सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. आपल्या वस्त्यांत त्या दिवशी समाधान होते. पण निकालपत्रात अत्याचार नव्हता, कट नव्हता आणि अ‍ॅट्रॉसिटीही नव्हती. १४ जुलै २०१० रोजी नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांचा कारावास दिला आणि हा सूडाचा प्रकार मानला. जात पुन्हा बाहेर राहिली.

जातीचाही पुरावा लागतो, हे आपल्या कार्यकर्त्यांच्या अजून नीट लक्षात आलेले नाही. १९८९ च्या कायद्यातील कलम ३(२)(५) मध्ये पीडित अनुसूचित जातीचा आहे 'या कारणावरून' गुन्हा घडला हे सिद्ध करावे लागत असे. म्हणजे मारेकऱ्याच्या मनातली जात बाहेर काढायची. ती कशातून निघणार? मारताना कोणते शब्द उच्चारले, आधी कोणत्या शिव्या दिल्या, वाट अडवताना काय म्हणाले, यातून. हे पहिल्या जबाबात यावे लागते. पहिल्या जबाबात नसलेली गोष्ट पुढे साक्षीत आली की बचावाचा वकील तिला मागाहून घातलेली भर म्हणतो, आणि कोर्ट ऐकते. पहिला जबाब लिहिणारा हात पोलीस ठाण्यातला असतो. काय लिहायचे आणि काय गाळायचे हे त्या हाताच्या मर्जीवर.

बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेपासून नोकऱ्यांत प्रतिनिधित्व मागितले, त्यामागे हेच होते. कायदा कागदावर कितीही चांगला असो, तो राबवणारा हात कोणाचा, हा त्यांचा सवाल होता. पण खैरलांजीने आपल्याला आणखी एक कडू घोट पाजला. आनंद तेलतुंबडे यांनी आपल्या पुस्तकात दाखवून दिले आहे की तपासाच्या साखळीतले काही अधिकारी आणि डॉक्टर आपल्याच समाजातले होते. ही गोष्ट व्यासपीठावरून सहसा कोणी बोलत नाही. आम्ही बोलणार. आरक्षणाने खुर्ची मिळाली, खुर्चीवर बसल्यावर मात्र साहेबांना वरच्याची मर्जी आठवली आणि कालव्यातली मुलगी आठवली नाही. अशांच्या सत्काराला हार घेऊन जाणारे आपणच असतो, हेही लिहून ठेवतो.

कायदा पुढे बदलला. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने 'या कारणावरून'च्या जागी पीडिताची जात 'ठाऊक असताना' असे शब्द आले, आणि आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत असेल तर त्याला जात ठाऊक होती असे कोर्टाने गृहीत धरावे असे ठरले. खैरलांजीसारख्या एवढ्याशा गावात कोणाला कोणाची जात ठाऊक नसते? हे शब्द २००६ साली कायद्यात असते तर निकालपत्राला जात टाळणे इतके सोपे गेले नसते. त्याच दुरुस्तीने कलम ४ मध्ये पोलिसांची कर्तव्ये स्पष्ट लिहिली. फिर्याद वाचून दाखवणे, तिची प्रत देणे, जबाब घेणे, आणि यात कसूर केली तर सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये गंभीर गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा व त्याचे चित्रीकरण व्हावे अशी तरतूद आहे.

म्हणून जिल्ह्याजिल्ह्यातील कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. घटना कळली की मोर्चाची तारीख ठरवण्याआधी ठाण्यात जा. फिर्यादीची प्रत हातात घ्या, तिच्यात शिवीचे शब्द जसेच्या तसे आले का ते वाचा. शवविच्छेदन कोण करतो, कोणते नमुने घेतले, प्रयोगशाळेकडे कधी गेले, हे लेखी विचारा. शवविच्छेदनाचे चित्रीकरण मागा. उत्तर दिले नाही तर कलम ४ खाली अर्ज टाका आणि त्याची पोच घ्या. मोर्चा दुसऱ्या दिवशीही निघतो. नमुना दुसऱ्या दिवशी मिळत नाही.

भैय्यालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ रोजी नागपुरात गेले. दहा वर्षे ते सभांतून, कोर्टांतून तीच हकिकत सांगत राहिले. त्यांच्या कुटुंबाच्या खुनासाठी ज्या ११ जणांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, त्यांत एकही पोलीस नव्हता आणि एकही डॉक्टर नव्हता.