कोर्स संपल्यावर या मुली कुणाच्या?

प्रति,
मा. मंत्री,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नावीन्यता विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सन्माननीय मंत्रिमहोदय,



दहावी-बारावीनंतर काही महिन्यांचा कोर्स करून आरोग्यसेवेत येणाऱ्या मुलींबद्दल आपल्याशी बोलायचे आहे. जनरल ड्युटी असिस्टंट म्हणजे जीडीए, होम हेल्थ एड, रक्ताचे नमुने घेणारी फ्लेबोटोमिस्ट, डायलिसिसची सहायक, अशा नावांचे हे कोर्स आपल्या विभागाच्या आणि केंद्राच्या योजनांतून चालतात. मी नर्सिंग स्कूलमधून सिस्टर ट्यूटर म्हणून निवृत्त झाले आणि त्यानंतर जीडीएच्या बॅचना शिकवत आले. तेव्हा हे पत्र या कोर्सच्या विरोधातले नाही, हे आधीच सांगते. माझी तक्रार आहे ती कोर्स संपल्यानंतर जे होते, किंवा होत नाही, त्याबद्दल.

आमच्या व्यवसायातल्या अनेकांना हे कोर्स मुळातच मान्य नाहीत. नर्सिंगच्या एएनएम कोर्सला दोन वर्षे, जीएनएमला तीन, बीएस्सीला चार. मग चार महिन्यांत काय येणार, असे ते विचारतात. चार महिन्यांत नर्स होत नाही, हे खरेच. पण अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, तसे करताना त्याचा लुळा हात ओढायचा नाही, माकडहाडावर किंवा टाचेवर लालसर डाग दिसला तर तो बोटाने दाबून पाहायचा आणि दाबूनही लाली जात नसेल तर लगेच सांगायचे, हे चार महिन्यांत पक्के शिकवता येते. नाकातल्या नळीतून भरवताना डोके उंच ठेवायचे आणि भरवून झाल्यावरही बराच वेळ आडवे करायचे नाही. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या खालीच अडकवायची. ब्रेक लावल्याशिवाय व्हीलचेअरला पेशंट टेकवायचा नाही. हे ज्या घरात कुणालाच ठाऊक नसते, तिथे पुष्कळदा माणूस मूळ आजारातून वाचतो आणि पाठीच्या जखमेने किंवा छातीत उतरलेल्या पेजेने दगावतो. ती जखम चार दिवसांत होते आणि भरायला कित्येक महिने घेते. 2011 च्या जनगणनेतच महाराष्ट्रातले 9.9 टक्के लोक साठीच्या पुढचे होते. त्यांतल्या अनेकांची मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशात आहेत. अशा घरांना हे जाणणारे दोन हात हवे आहेत, आणि गावाकडच्या मुलींना काम हवे आहे.

थोड्या दिवसांच्या शिक्षणावर केवढे मोठे काम उभे राहते, हे महाराष्ट्राने जगाला दाखवले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केले आणि गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, दलित समाजातल्या होत्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला, त्याला झालेला जंतुसंसर्ग ओळखायला आणि गरज पडली तर इंजेक्शन द्यायलाही शिकवले. 39 गावांतल्या त्या कामाचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते.

या बायका एवढे करू शकल्या, कारण शिकवून झाल्यावर त्यांना कुणी वाऱ्यावर सोडले नाही. जामखेडच्या सेविका दर आठवड्याला केंद्रावर यायच्या, गावात काय पाहिले ते सांगायच्या, अडलेले विचारायच्या आणि पुढचे शिकून परत जायच्या. गडचिरोलीत पर्यवेक्षक गावात येऊन काम तपासायचे. चुकले तर दाखवणारे आणि अडले तर धावून येणारे कुणीतरी कायम पाठीशी होते.

अमेरिकेचेही एक उदाहरण देते. तिथल्या वृद्धाश्रमांत काम करणाऱ्या नर्स एडसाठी 1987 च्या संघीय कायद्याने किमान 75 तासांचे प्रशिक्षण ठरवले आहे. आपल्या जीडीएचा कोर्स याच्या कितीतरी पट मोठा आहे. पण त्या 75 तासांभोवती त्यांनी कुंपण घातले आहे. प्रत्येक राज्यात नर्स एडची नोंदवही असते, कामावर घेण्याआधी मालकाने ती पाहावीच लागते, पेशंटला त्रास दिल्याचे सिद्ध झाले तर तेही तिथे नोंदवले जाते. दर वर्षी किमान 12 तास नव्याने शिकवावे लागते. वृद्धाश्रमाने आपल्या कामगाराकडून या प्रशिक्षणाचे पैसे घ्यायचे नाहीत, अशीही तरतूद आहे. तिथल्या व्यवस्थेत उणिवा आहेत, पण तास किती यापेक्षा तासांनंतर काय, हे त्यांनी कायद्यात आणले.

आपल्याकडे घोडे नेमके इथे पेंड खाते.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, 18 जून 2021 रोजी, पंतप्रधानांनी आरोग्यसेवकांसाठी खास क्रॅश कोर्स जाहीर केला. 276 कोटी रुपये, 26 राज्यांतली 111 केंद्रे, सहा प्रकारची कामे आणि एक लाख जणांना प्रशिक्षण. त्याच वर्षी आपल्या राज्यानेही मुख्यमंत्री महाआरोग्य कौशल्य विकास प्रशिक्षण कार्यक्रम आणला. त्या काळात मुली आनंदाने आल्या, जीव धोक्यात घालून राबल्या. मग कोविड सेंटर बंद झाली आणि मुली घरी बसल्या. ज्या हातांनी ऑक्सिजनवरच्या पेशंटला पालथे झोपवायला शिकून घेतले, ते आज कापडाच्या दुकानात घड्या घालतात. दुकानातल्या कामाला कमी लेखत नाही, पण सरकारने पैसे खर्चून तयार केलेले माणूस सरकारलाच पुन्हा सापडत नाही, याचे वाईट वाटते.

सापडणार कसे? महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरवर जीडीए येत नाही. 2021 मध्ये संसदेने सहयोगी आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, तेव्हा वाटले होते की आता यांना छत मिळेल. पण त्या कायद्यात सहयोगी व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान 2000 तासांची पदविका किंवा पदवी लागते. काही शे तासांचा कोर्स केलेली मुलगी त्याच्याही बाहेर राहिली. म्हणजे नर्सिंगवाले म्हणतात ही आमची नाही, आयोग म्हणतो आमची नाही, आणि आपल्या विभागाचा संबंध परीक्षा झाली, प्रमाणपत्र दिले की संपतो. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत निदान नोकरी लागली का, याचा मागोवा घेतला जात होता. चौथ्या टप्प्यात तोही सुटला.

मग या मुलींना ठेवून घेते कोण? ब्युरो. पुण्यात, मुंबईत, नाशकात पेशंट सांभाळायला बाई हवी असेल तर लोक ब्युरोला फोन करतात. ब्युरो बारा तासांची किंवा चोवीस तासांची ड्युटी लावते आणि पगारातून आपला हिस्सा कापून घेते. त्यात जीडीए झालेली असते आणि कालपर्यंत धुणीभांडी करणारीही असते. घरच्यांना दोघींतला फरक कळायला काही मार्ग नसतो, आणि मोबदल्यातही तो फारसा दिसत नाही. दोघींनाही ‘सिस्टर’ म्हणून पाठवले जाते.

यातला धोका मला फार अस्वस्थ करतो. ‘सिस्टर’ आली म्हटल्यावर घरचे तिला इन्सुलिन टोचायला सांगतात, गळ्यातल्या नळीतून सक्शन करायला सांगतात, सलाईन संपले तर बदल म्हणतात. तिला ते शिकवलेले नसते, करायची परवानगीही नसते. नाही म्हटले तर ब्युरो उद्यापासून दुसरी पाठवते. केले आणि काही झाले तर पोलीस चौकीत बसायचे तिने. रात्री दोन वाजता पेशंटचा श्वास बदलला तर फोन कुणाला करायचा, हेही अनेकींना कुणी सांगितलेले नसते. माझ्याकडे शिकलेल्या मुली अशा वेळी मला फोन करतात. मी उचलते. पण राज्याची व्यवस्था एका निवृत्त बाईच्या फोनवर चालू नये.

खासगी क्लासेसचेही सांगायला हवे. तालुक्याच्या एसटी स्टँडबाहेर पाट्या असतात: सहा महिन्यांत नर्सिंग, शंभर टक्के नोकरी. आई-बाप दागिने मोडून फी भरतात. मुलगी पांढरा गणवेश घालून फोटो काढते, आणि पहिल्या मुलाखतीला तिला रजिस्ट्रेशन नंबर विचारतात तेव्हा तो आपल्याला कधीच मिळणार नव्हता, हे तिला कळते. परदेशाची आशाही अशीच विकली जाते. जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी आपल्या सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये करार केला, पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण पाठवायचे ठरले. चांगलीच गोष्ट आहे. पण जर्मनीत पूर्ण नर्सिंगचे शिक्षण तीन वर्षांचे आहे आणि भाषा आल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही, हे मुलींना फी भरण्याआधी स्पष्ट मराठीत सांगणारा एक कागद आपल्या विभागाने काढावा. शाळाशाळांत, ग्रामपंचायतीत लावावा.

आता प्रशिक्षणातल्या एका गोष्टीबद्दल. ओजेटी, म्हणजे रुग्णालयातले प्रत्यक्ष काम, हा या कोर्सचा प्राण आहे. रबरी पुतळ्याला दुखत नाही, तो ओरडत नाही, चादर ओली करत नाही. खऱ्या माणसाला पहिल्यांदा बेडपॅन देताना मुलीचा हात थरथरतो. ती थरथर वॉर्डातच जाते. पण मुलींना वॉर्डात पाठवले की कित्येक ठिकाणी त्यांना फायली पोचवायला, लॅबमध्ये नमुने न्यायला, फुकटचे मनुष्यबळ म्हणून वापरतात. शेवटी हजेरीवर सही होते. माझी विनंती आहे की वॉर्डातल्या प्रत्येक कौशल्यासमोर ते ज्या रजिस्टर्ड नर्सने करून घेतले तिची सही असावी आणि त्या नर्सला या शिकवण्याचे मानधन मिळावे. वॉर्डात दोन नर्सवर पन्नास पेशंट असताना फुकट शिकव म्हणणे हा नर्सवर आणि मुलीवरही अन्याय आहे.

आणि या मुलींना पुढची वाट हवी. दहावीवर जीडीए झालेली, चार वर्षे पेशंट सांभाळून हात बसलेली मुलगी नर्स व्हायचे म्हणाली तर तिला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. आधी बारावी, मग एएनएम किंवा जीएनएमच्या रांगेत कोऱ्या पाटीने उभे राहायचे. 2023 मध्ये केंद्राने राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आणला. त्यात 30 तासांच्या शिक्षणाला एक क्रेडिट मिळते आणि कौशल्याचे शिक्षण पुढच्या शिक्षणात धरता येते. कागदावर हे उत्तम आहे, पण एएनएमच्या प्रवेशात त्या क्रेडिटचा तिला काही उपयोग होत नाही. राज्याने ठरवले तर मुक्त विद्यालयातून बारावी करायला या मुलींना मदत करता येईल आणि शासकीय नर्सिंग स्कूलांत अनुभवी जीडीएंसाठी काही जागा ठेवायचा प्रस्ताव नर्सिंग कौन्सिलकडे नेता येईल. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनने शंभरेक वर्षांपूर्वी ससूनच्या साथीने मराठी घरांतल्या बायकांना, त्यांत विधवांनाही, नर्सिंगची वाट खुली केली. तेव्हा समाज नावे ठेवत होता आणि तरी ते झाले. आज निदान नावे ठेवणारे फारसे उरलेले नाहीत.

सगळे एकदम होणार नाही, हे मी समजते. म्हणून एका गोष्टीपासून सुरुवात करा, असे सुचवते: राज्याची नोंदवही. आपल्या योजनांतून प्रमाणपत्र मिळालेल्या प्रत्येक मुलीला एक नंबर द्या. ती काय शिकली आहे आणि काय करायची तिला परवानगी नाही, हे त्या नंबरावरून कुणालाही मोबाइलवर दिसू दे. ब्युरोंना परवाना लावा, आणि नंबर नसलेल्या माणसाला ‘सिस्टर’ म्हणून पाठवता येणार नाही, अशी अट त्या परवान्यात घाला. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एक दिवस या मुलींना बोलवून नवे काही शिकवा, अडलेले विचारू द्या. घरेलू कामगारांसाठी 2008 मध्ये या राज्याने कल्याण मंडळाचा कायदा केला होता. घरी जाऊन पेशंट सांभाळणाऱ्या मुलीही कुठल्यातरी मंडळात मोजल्या जाव्यात. प्रमाणपत्रे छापायला आणि समारंभांना जो खर्च होतो, त्याच्या शेजारी या नोंदवहीचा खर्च ठेवून पाहा, एवढेच मागणे आहे.

यासाठी सार्वजनिक आरोग्य विभाग, वैद्यकीय शिक्षण विभाग आणि नर्सिंग कौन्सिल यांच्याबरोबर आपण एक बैठक घ्यावी. प्रशिक्षण संस्थांचे चालक तिथे येतीलच. काम करणाऱ्या मुलींनाही बोलवा, आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास नको, शिफ्ट बदलते तेव्हा बोलवा. त्या दिवसाचा पगार त्यांना विभागाने द्यावा, कारण ब्युरोच्या कामात एका खाड्याने दिवसाचे पैसे बुडतात आणि पेशंटही हातचा जातो.

आपली,
एक निवृत्त सिस्टर ट्यूटर,
मिरज