बदक कोणी उडवायचं?

आज जरा हलका विषय घेतो, म्हणजे वरवर हलका. टीव्ही गेममधली ती बदकांची शिकार आठवते का? कॅसेटवर "9999 गेम" छापलेलं, आतमध्ये खरे गेम वीस-पंचवीस, आणि डब्यासोबत वायर लावलेली एक प्लास्टिकची बंदूक. इंद्रवेल्ली, उटनूर, गुडीहतनूर, आपल्या सगळ्या पट्ट्यात हा डबा फिरला. आणि ज्या घरात आला त्या घरात महिनाभरात एकच मत झालं : पैसे पाण्यात गेले. मला त्या मताची बाजू घ्यायची आहे. फक्त कारण वेगळं आहे.

आधी गेमबद्दल. त्याचं नाव डक हंट. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं 1984 साली काढला. आपल्याकडे आला तो बहुतेक नकली डब्यांतून. गवतातून बदक उडणार, तुमच्याकडे गोळ्या तीन, एका फेरीत बदकं दहा. पाडलं तर कुत्रा गवतातून बदक वर धरून दाखवणार, चुकलं तर तोच कुत्रा तोंडावर हात ठेवून खी-खी हसणार. त्या हसण्यानं जगभरच्या पोरांचं डोकं फिरलंय. त्या कुत्र्याला गोळी घालायची इच्छा झाली नाही असा पोरगा मला अजून भेटायचा आहे. घरच्या गेममध्ये ते जमत नाही. मोठ्या दुकानांतल्या, नाणं टाकून खेळायच्या मशीनवर मात्र बोनसच्या वेळी कुत्रा मध्ये यायचा आणि त्याला गोळी लागू शकायची.

आता बंदुकीची गंमत. आम्ही समजायचो की बंदुकीतून काहीतरी निघून टीव्हीवर आदळतं. तसं नाही. बंदुकीतून काहीच निघत नाही, उलट ती बघते. घोडा दाबला की क्षणभर सगळा पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक बारका भाग असतो. त्याला आधी काळं आणि मग पांढरं दिसलं की बदक पडलं. दोन बदकं असली तर चौकोन एकामागून एक चमकतात, म्हणून कोणतं पडलं ते कळतं. हा सगळा हिशेब जुन्या पेटीवाल्या टीव्हीच्या वेगावर बसवलेला. नवा पातळ टीव्ही चित्र दाखवायला थोडा उशीर करतो, तेवढ्यात बंदुकीची वेळ निघून जाते. आजही असले डबे ऑनलाइन विकतात आणि त्याखाली गिऱ्हाइकांची ओरड असते : गन चालत नाही, फसवलं, एक स्टार. बाबांनो, गन चांगली असली तरी तुमच्या टीव्हीवर ती आंधळीच राहणार. पण हे विकणाऱ्यानं आधी सांगायला पाहिजे ना? तो सांगत नाही, म्हणून तुमचा एक स्टार मला मान्य आहे.

आमच्या घरी डबा आला तो कापूस वेचणीच्या पैशातून. दादानं दिवाळीनंतर रोजानं कापूस वेचला, पैसे साठवले आणि बाजारातून घेऊन आला. दुकानदारानं सांगितलं होतं, "एकदम असली शिकार." आमच्या ओसरीवर त्या दिवशी पंधरा-वीस पोट्टे आणि चार-पाच मोठी माणसं. लक्षात घ्या, ही माणसं कोण होती. आमचं घराणं किनवटकडचं. 1956 च्या आधी किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातच होते, तेव्हा इकडून तिकडं जाणं म्हणजे आपल्याच जिल्ह्यात फिरणं. शेजारी गोंड, पलीकडे लंबाडे. जंगल सगळ्यांच्या दाराशी. निजामाच्या राज्यात मोठमोठ्या लोकांच्या शिकारी इकडं व्हायच्या आणि गावातली माणसं हाकारे म्हणून जायची. माझा आजा त्यातलाच. डबे-ढोल वाजवत रान उठवायचं, जनावर माचाणाकडं हाकलायचं. बंदूक साहेबाची, पाय आपले. जनावर उलटलं तर पहिला कोण सापडणार ते सांगायला नको. पुढे 1972 चा वन्यजीव कायदा आला आणि शिकारीची गोष्ट फक्त शेकोटीपाशी उरली. म्हणजे आमच्या पिढीला शिकार ऐकूनच माहीत. म्हणून तर त्या डब्याची एवढी हौस.

आता मतं ऐका. हल्ली लोक गेमबद्दल चार-चार पानं लिहितात, त्या ओसरीवर अर्ध्या तासात काम झालं.

आजा बराच वेळ बघत बसला. मग म्हणे, "ह्या बदकाले वास येत नाही काय बे? कुत्रा वाऱ्याच्या कोणत्या बाजूनं चालला ते पाहत नाही. तळं कुठं हाय? पाणी नाही तं बदक इथं काहून आलं?" आम्ही हसलो. पण विचार करा, गेमवर एवढी नेमकी टीका मी अजून वाचली नाही. शिकार म्हणजे त्याच्या लेखी वारा, पाणवठा, पायाचे ठसे, मोडलेली काडी आणि तासन् तास गप बसणं. गोळी हा त्यातला शेवटचा क्षण. गेममध्ये तो एकच क्षण घेतला आणि दहा-दहादा परत लावला.

शेजारचे गोंड काका आले होते. त्यांनी एकच विचारलं, "मारलं तं मारलं, वाटा कोणाकोणाले?" दादा म्हणाला, "काका, पॉइंट भेटतात." "पॉइंट खातात काय?" संपला विषय. त्यांच्या हिशेबात शिकार एकट्याची नसतेच. हाकणारा, धरणारा, मारणारा, देव, घरी राहिलेली म्हातारी, सगळ्यांचा त्यात भाग. ज्या शिकारीत वाटा पडत नाही तिला ते शिकार म्हणायला तयार नव्हते.

आईचं मत तिसरं : "वीज बिल कोण भरणार?" तेही गिऱ्हाइकाचंच मत, आणि सगळ्यात वजनदार.

आणि पोट्ट्यांचं मत? "नागोबाच्या जत्रेतली बंदूक बरी." केसलापूरच्या जत्रेत, पुष्य अमावास्येला, फुगे फोडायचे स्टॉल लागतात. तिथल्या बंदुकीची नळी वाकडी असते हे सगळ्यांना माहीत. तरी फुगा फुटल्याचा आवाज तरी येतो. इथं टीव्हीच्या काचेला नळी टेकवून मारलं तर प्रत्येक बदक पडायचं, ही युक्ती दुसऱ्याच दिवशी सापडली आणि गेममधला सगळा राम गेला.

इथपर्यंत सगळ्यांची गोष्ट सारखीच असेल. आमच्याकडं एक जास्तीची झाली. बंदूक एका सॉकेटात होती, दुसऱ्यात रिमोट तसाच लावून राहिला होता. धाकट्या बहिणीला बंदूक कोणी देत नव्हतं, ती बिचारी कोपऱ्यात रिमोट दाबत बसलेली. अचानक दादा ओरडला, "बदक पागल झालं!" बदक सरळ उडायचं सोडून खाली बुडी मारायचं, उलटं फिरायचं, झपकन कोपऱ्यात जायचं. दोन-तीन डाव गेले तेव्हा उमगलं की बदक बहीण उडवत होती. हे काही बिघाडानं झालं नव्हतं. एका बदकाच्या खेळात दुसऱ्या रिमोटनं बदक चालवता येतं, गेममध्ये मुळातच तशी सोय आहे. आमच्या डब्यासोबत कागद कुठला, त्यामुळे कोणाला माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळपासून ओसरीवर रांग लागली ती बंदुकीसाठी नाही, बदकासाठी. दादासारखा नेमबाज तीन-तीन गोळ्या घालवून कुत्र्याचं हसू ऐकत बसायचा. आजाही परत येऊन बसला. म्हणे, "आता कुठं जनावराले अक्कल आली." माझं मत इथंच आहे. शिकारीचे गेम निराश करतात ते चित्र जुनं म्हणून किंवा बंदूक स्वस्त म्हणून नाही. त्यात समोरच्या जीवाला जीव नसतो म्हणून. जनावर फक्त मरायला येतं. आणि खेळणाऱ्याला एकच जागा मिळते, माचाणावरच्या साहेबाची. आपले लोक त्या जागेवर कधी नव्हतेच. ते हाकाऱ्यात होते, म्हणून त्यांना यातला खोटेपणा लगेच दिसला.

मोबाईलवरचे हरणाच्या शिकारीचे गेम मी पाहिलेत. आपले पोरं चौकात तेच करत बसतात. चार हरणं मारली की एनर्जी संपली, थांबा नाहीतर पैसे भरा. पुढची रायफल पाहिजे, पैसे भरा. मधी जाहिरात. खाली लोक शिव्या घालतात त्या जाहिरातीला, हरणाबद्दल कोणी बोलत नाही. हरीण तिथं रानात उभं असतं जसं दुकानात माल मांडलेला.

हैदराबादला असलेल्या भाच्यानं मला एक बरा गेम दाखवला, स्वीडनचा, द हंटर : कॉल ऑफ द वाइल्ड, 2017 चा. खरं सांगतो, त्यात वारा आहे. ठसे आहेत, विष्ठा आहे, जोरात चाललं की जनावर पळतं. आजानं मागितलेलं पुष्कळसं त्यात आलंय. तासभर चालून काहीच दिसलं नाही म्हणून भाचा कंटाळला, मला तर तिथंच मजा आली. 2024 मध्ये त्याचा नेपाळचा भाग निघाला, त्यात आपला पट्टेदार वाघ आहे. भाच्यानं तो मारला. मस्त निशाणा होता. फोटो काढला, बक्षीस मिळालं.

मला ते बघून बरं वाटलं नाही आणि त्याचं कारण गेम एवढंच नाही. कव्वाल 2012 साली व्याघ्र प्रकल्प झाला. टिपेश्वरचे वाघ पैनगंगा ओलांडून आपल्या जिल्ह्यात येतात. 2018 च्या नोव्हेंबरात पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात टी-1 वाघीण, म्हणजे अवनी, गोळी घालून मारली. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर धरले होते. शहरात लोक रडले, मोर्चे निघाले, आणि तिकडच्या गावांत फटाके वाजले. 2020 च्या नोव्हेंबरात आसिफाबाद जिल्ह्यातल्या दहेगाव मंडळात वाघानं एका तरुण आदिवासी पोराला मारलं. त्या दिवसांत कापूस वेचायला बाया एकट्या जात नव्हत्या, घोळक्यानं जायच्या. कापूस झाडावरच राहिला तर कर्ज तसंच राहतं. वाघ मारला तरी भीती, नाही मारला तरी भीती, आणि कायदा दोन्हीकडून आपल्याच दारात. हे सगळं गाळून वाघ फक्त निशाण्यापुरता उरला, तर आमच्या भागातल्या गिऱ्हाइकाला तो गेम अर्धाच वाटणार. गेमवर बंदी घाला असं मी म्हणत नाही. खेळू द्या. पण पाच स्टार माझ्याकडून नाहीत.

भाच्याला मी विचारलं, यात वाघ होऊन खेळता येतं काय? "नाही मामा, तसा ऑप्शनच नाही." मग हाकारा होऊन? त्याला हाकारा म्हणजे काय तेच सांगावं लागलं. सांगता सांगता रात्रीचे अकरा वाजले, गेम तसाच चालू राहिला.

आमचा तो डबा अजून माळ्यावर आहे, बंदूकसुद्धा. अडचण टीव्हीची आहे. इंद्रवेल्लीत किंवा आसपास कोणाकडे पेटीवाला टीव्ही चालू हालतीत असेल तर सांगा, एखाद्या रविवारी घेऊन येतो. रिमोट दोन्ही चालतात, आणि बदक पहिलं बहिणीचं, ते आधीच ठरलेलं आहे.