माजघरांतील चार गोष्टी : शेजाऱ्याचा पाऊस

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक खटला उभा राहिला. फिर्यादी आमची पुतणी, वय वर्षें बारा. आरोपी आमचे चिरंजीव, वय वर्षें चौदा. आरोप असा कीं, दादानें तिच्या शेतांवरचा पाऊस चोरला. रात्रीचीं पानें वाढलीं होतीं. वरणभात तसाच टाकून पोर रडकुंडीला आलेली पाहून तिची आई समजूत घालूं लागली कीं, अगं, खेळच तो, त्यांत एवढें काय! त्यावर ती उसळून म्हणाली, "माझ्या तीन गांवांतलीं माणसें उपाशीं आहेत, आणि तूं म्हणतेस खेळ!" आमचे तीर्थरूप तात्या जेवतांना सहसा बोलत नाहींत. परंतु उभी हयात पाटबंधारे खात्यांत गेलेली; 'पाऊस चोरला' हे शब्द कानीं पडतांच त्यांनीं घांस हातांतच ठेवला. "पाणी चोरलेलें पुष्कळ पाहिलें," ते म्हणाले, "पाऊस चोरलेला ऐकला नाहीं. जेवणें झाल्यावर दाखवा पाहूं."

अशा रीतीनें तीन पिढ्यांचें मंडळ त्या संगणकापुढें जमलें. मुलें पडद्यापुढून उठत नाहींत अशी कुरबूर ज्यांच्या घरीं रोज चालते, त्या वाचकांस आमचें हें बसणें रुचणार नाहीं. आमचीही तक्रार कालपरवांपर्यंत तीच होती आणि अजून ती सर्वस्वीं गेलेली नाहीं. तथापि त्या रात्रीं जो वाद झाला, तो आम्हां मोठ्या माणसांसही सोडवितां आला नाहीं, म्हणून तो येथें मांडीत आहों.

खेळाचें नांव 'अल्फा सेंटॉरी'. तो नवा नव्हे. अमेरिकेंतील फिरॅक्सिस या कंपनीनें १९९९ सालीं रचलेला, म्हणजे आमच्या दोन्ही पक्षकारांहून वयानें वडील. वेष्टणावर सिड मायर यांचें नांव असलें तरी मुख्य आंखणी ब्रायन रेनॉल्ड्स यांची. चिरंजीवांनीं तो निवडला तो केवळ एवढ्याचसाठीं कीं, आमच्या जुनाट यंत्रावरही तो चालतो आणि दोघांना एकाच यंत्रावर आळीपाळीनें खेळतां येतो. एकानें आपली पाळी संपवून उठावें, दुसऱ्यानें बसावें. घरांत यंत्र एक आणि मुलें पांच, तेथें हा गुण थोडा नव्हे.

कथा अशी. २०६० सालीं 'युनिटी' नांवाचें जहाज पृथ्वी सोडून निघतें आणि चाळीस वर्षांनीं अल्फा सेंटॉरीच्या एका ग्रहापाशीं येतें. (तारा खराच आहे, सव्वाचार प्रकाशवर्षांहून किंचित दूर, मे महिन्यांत रात्रीं दक्षिण क्षितिज मोकळें मिळालें तर नरतुरंगांत तो आपल्या इकडूनही दिसतो. ग्रह मात्र कल्पनेंतला.) पोंचतां पोंचतां कप्तानाचा खून होतो, मंडळींत फूट पडते, आणि सात पुढारी आपापले अनुयायी घेऊन निरनिराळ्या ठिकाणीं उतरतात. फूट देशावरून किंवा वंशावरून पडलेली नाहीं, मतांवरून पडलेली आहे. एक रशियन शास्त्रज्ञ विद्येपलीकडे कांहीं मानीत नाहीं; एक बाई धर्मावांचून दुसरें बोलत नाहींत; प्रवीण लाल नांवाचे एक भारतीय शस्त्रवैद्यही त्यांत आहेत, ते संयुक्त राष्ट्रांची सनद उराशीं धरून बसले आहेत. चिरंजीवांनीं घेतला मॉर्गन, नामिबियाचा व्यापारी धनाढ्य. पुतणीनें घेतली डिअर्ड्री स्काय, स्कॉटलंडची वनस्पतिशास्त्रज्ञ. बाकीचे पांच पुढारी यंत्र चालवितें.

आतां मुख्य विषय. परका ग्रह मनुष्यास राहण्याजोगा करणें, यास इंग्रजींत 'टेराफॉर्मिंग' म्हणतात. हा शब्द जॅक विल्यमसन या कथाकारानें १९४२ सालीं एका गोष्टींत प्रथम योजिला. आम्ही त्यास 'पृथ्वीकरण' म्हणूं; शब्द जरा जड आहे, पण अर्थ झांकीत नाहीं. अंतराळांतील राज्यविस्ताराच्या खेळांत ही युक्ति जुनी आहे. 'मास्टर ऑफ ओरायन' या खेळाच्या १९९६ मधील दुसऱ्या भागांत उजाड ग्रह पायरीपायरीनें सुपीक करीत नेतां येतो. उत्पन्न खर्ची घालावें, कांहीं पाळ्या वाट पाहावी, कीं ग्रह एक पायरी वर चढतो. तेथें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. चिरंजीवांनीं तोही खेळ आम्हांस दाखविला होता, आणि खरें सांगावयाचें तर तो पाहून आम्हांला घर रंगविण्याची आठवण झाली.

'अल्फा सेंटॉरी'ची गोष्ट निराळी. येथें पृथ्वीकरण होतें तें एकेका चौकटीचें, शेतकऱ्यानें एकेक बांध घालावा तसें. 'फॉर्मर' नांवाचीं पथकें असतात. तीं शेतें करतात, रस्ते बांधतात, खाणी खणतात, उन्हापासून वीज घेणारीं यंत्रें उभारतात, झाडें लावतात, जमिनीखालचें पाणी फोडून नदी काढतात. आणि पैसा पुरेसा असेल तर तीं जमीनच उचलूं शकतात. सपाटीची टेकडी होते, टेकडीचा डोंगर होतो.

या ग्रहावर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. डोंगराचा पश्चिम उतार पाऊस घेतो आणि पूर्वेचा कोरडा राहतो. हा नियम ऐकतांच तात्यांनीं खुर्ची पुढें ओढली. तो खेळ करणाऱ्यांनीं आमचा सह्याद्रि पाहिला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. पण पाहिला असता तरी याहून निराळा नियम त्यांना करतां आला नसता. महाबळेश्वरीं वर्षाला साडेपांच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तेथून ३०-३५ किलोमीटरांवर घाटाच्या पायथ्याशीं वाई, तेथें त्याचा पंचमांशही पडत नाहीं. वारा तोच, ढग तेच; मध्यें डोंगर.

चिरंजीवांनीं केलें होतें तें एवढेंच. त्यांची हद्द पश्चिमेस, बहिणीची पूर्वेस. आपल्या हद्दीच्या अगदीं कांठानें त्यांनीं दक्षिणोत्तर एक रांग उचलली. नकाशावर पाहूं तों अलीकडे हिरवेंगार, पलीकडे पिंवळें पडलेलें. तिच्या शेतांत पूर्वीं जितकें धान्य येत होतें, त्यांतलें बरेंचसें नाहींसें झालें होतें.

आरोपीनें बचावाचे दोन मुद्दे मांडले, आणि ते आम्हांस वाटले होते तितके पोरकट नव्हते. पहिला असा कीं, डोंगर माझ्या हद्दींत आहे. तिच्या जमिनीवर मीं पाऊलही टाकलें नाहीं. दुसरा असा कीं, पाऊस अडविण्याचा माझा हेतूच नव्हता. उंच जागीं सूर्ययंत्रें बसविलीं कीं वीज जास्त मिळते, म्हणून मीं जमीन उचलली. दुसरा मुद्दा खराच होता. खेळाचा नियम तसाच आहे. पहिल्यावर आमचे वडील बंधू अण्णा, जे वकिली करतात, ते लगेच पुढें सरसावले. १८८२ चा सुविधाधिकारांचा कायदा सांगतो कीं, ठराविक पात्रांतून वाहणारा ओढा वरच्या मालकानें मनास येईल तसा अडवूं नये. खालच्याचा त्यावर हक्क आहे. "परंतु ओढ्याला पात्र आहे," अण्णा म्हणाले, "ढगाला पात्र कोठें आहे? पोरीची बाजू मला खरी वाटते, पण तिचा दावा मी चालवूं शकणार नाहीं." वकिलानें असें बोलावें याचें पुतणीस फार वाईट वाटलें.

तात्या इतका वेळ गप्प होते. त्यांनीं नातवास विचारलें, "मुळशी ठाऊक आहे?" सहलीला गेला होता, तेवढी ठाऊक होती. मग तात्यांनीं त्याला सांगितलें कीं, तेथें मुळा नदी अडविली ती शेतीसाठीं नव्हे. जें पाणी पूर्वेस भीमेला मिळावयाचें, तें सह्याद्रीच्या माथ्यावरून उलट पश्चिमेस, घाटाखालीं भिऱ्याला सोडलें आणि त्यावर मुंबईसाठीं वीज केली. १९२१ सालीं सेनापति बापटांच्या पुढारीपणाखालीं मावळच्या शेतकऱ्यांनीं सत्याग्रह केला, माणसें तुरुंगांत गेलीं. धरण व्हावयाचें तें झालेंच. "विजेसाठींच केलें तेंही," तात्या म्हणाले. "कोणाच्या पोटावर पाय द्यावा असा हेतु त्यांचाही नसेल." चिरंजीव यावर कांहीं बोलले नाहींत. तात्या धरणांचे वैरी आहेत असें मात्र कोणीं समजूं नये. त्यांनीं स्वतः कालवे काढले आहेत, आणि कालव्याचें पाणी प्रथम शेतांत शिरलें त्या दिवसाचें वर्णन ते आजही डोळे भरून करतात.

मध्येंच आमच्या धाकट्या भावजयीनें विचारलें कीं, हें सारें खरोखरच्या ग्रहावर व्हावयाचें आहे काय? मंगळाविषयीं बोलणारे पुष्कळ आहेत. परंतु तेथील हवेचा दाब आपल्या इथल्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी आहे, आणि २०१८ सालीं जकोस्की व एडवर्ड्स या दोघां शास्त्रज्ञांनीं हिशेब मांडून दाखविला कीं, ध्रुवांवरचा गोठलेला कार्बन डायऑक्साइड सगळा मोकळा केला तरी तो दाब जेमतेम दुप्पट होईल. आजच्या साधनांनीं मंगळाचें पृथ्वीकरण होण्याजोगें नाहीं, हा त्यांचा निष्कर्ष. तेव्हां घर बदलण्याची घाई नको, असें आम्हीं त्यांना सांगितलें.

खटल्याचा निकाल त्या रात्रीं लागला नाहीं. अण्णांनीं पुढची तारीख दिली. परंतु पुतणी निकालासाठीं थांबली नाहीं, आणि पुढें जें घडलें तें आम्हांस तिच्या फिर्यादीहूनही विचार करण्यासारखें वाटलें.

तिनें कोरड्या पडलेल्या शेतांच्या जागीं झाडें लावलीं. या खेळांत वनाचें उत्पन्न पावसावर अवलंबून नाहीं. थोडें मिळतें, पण कोठेंही मिळतें. शिवाय वन आपोआप पसरतें. आठदहा पाळ्यांत तिच्या हद्दींत रान माजलें. तिकडे चिरंजीवांचा उद्योग जोरांत होता. खाणी, कारखाने, आणि जमिनीच्या पोटांत खोल छिद्रें पाडून खालची उष्णता वर आणणारे प्रचंड कूप. एकेका कुपाचें उत्पन्न पाहून आम्हीही क्षणभर मोहांत पडलों. मात्र हा ग्रह ओसाड नाहीं. त्यावर आधींच तांबड्या बुरशीचें रान आहे, आणि त्या बुरशींत एक तऱ्हेचे किडे राहतात, जे मनुष्याच्या मनांत शिरून त्याला भयानें वेडा करतात. जमिनीवर अतिरेक झाला कीं बुरशी उसळते, केलेलीं कामें गिळून टाकते आणि किडे गांवावर चाल करून येतात. पुढें पुढें असें उलगडत जातें कीं, ती बुरशी म्हणजे नुसतें गवत नव्हे. साऱ्या ग्रहाचें मिळून एक मन आहे, आणि तें हळूंहळूं जागें होत आहे. ज्यानें ही कल्पना प्रथम खेळांत घातली, त्यानें फार धिटाईचें काम केलें असें आमचें मत आहे. कारण खेळणाऱ्यास आरंभीं ती बुरशी केवळ अडचण वाटते, आपण माळरानास पडीक म्हणतों तशी.

चिरंजीवांच्या दोन खाणी बुरशीनें गिळल्या. तेंही त्यांनीं सोसलें असतें. पण अतिरेकाचा दुसरा परिणाम असा कीं, ग्रह तापतो आणि समुद्र चढतो. मॉर्गनसाहेबांचीं सर्वांत श्रीमंत नगरें किनाऱ्यावर. एका सायंकाळीं शाळेंतून येऊन पाहतात तों एका नगराच्या वेशींत पाणी आलेलें.

यावर उपाय आहे. सातही पुढाऱ्यांची एक सभा असते, आणि तिनें ठराव केला तर सूर्याच्या आड आकाशांत एक पडदा धरतां येतो, म्हणजे ग्रह निवतो व समुद्र उतरतो. चिरंजीवांनीं बेरीज केली, यंत्राच्या पुढाऱ्यांना लांचलुचपतही देऊन पाहिली. मतें कमी पडत होतीं. जें हवें होतें, तें बहिणीच्या हातीं होतें.

तिनें अट घातली: डोंगर खालीं घे. फॉर्मर जसे जमीन उचलतात, तसे उतरवूंही शकतात. पण उतरविण्यासही पैसा लागतो, आणि डोंगर गेला कीं त्यावरच्या सूर्ययंत्रांची वीजही गेली. चिरंजीवांचें म्हणणें, पडदा झाला तर तुझींही दोन किनाऱ्यावरचीं गांवें वांचतील, मग अट कसली? पुतणीचें म्हणणें, माझीं तीन गांवें उपाशीं होतीं तेव्हां तुला असा हिशेब सुचला नव्हता. दोघांचेंही खरें होतें. तीन दिवस ती दोघें एकमेकांशीं बोललीं नाहींत. पंगतींत मीठसुद्धां तिसऱ्याच्या हातून मागितलें जाई. घरांतल्या बायकांनीं यंत्र अडगळींत टाकण्याची भाषा काढली.

तोड काढली ती तात्यांनीं, आणि तीही नकाशा पाहून. ते म्हणाले, सगळा डोंगर कशाला पाडतां? दक्षिणेस पालघाटाला सह्याद्रींत खिंड आहे. त्या खिंडींतून पावसाळी वारा पलीकडे कोइमतूरच्या बाजूला शिरतो. तुम्हीही एक खिंड पाडा. कोठें पाडावी हें मात्र पोरीनें सांगावें, कारण शेतें तिचीं आहेत.

पुतणीला तें पटलें, पण तिला दोन खिंडी हव्या आहेत. चिरंजीव एकीवर अडून आहेत आणि वहीच्या मागच्या पानावर एका खिंडींत किती सूर्ययंत्रें जातील याची आंकडेमोड करीत आहेत. खिंडींतून पलीकडे किती पाऊस जाईल हें पाडून पाहिल्यावांचून कळणार नाहीं, असें तात्या म्हणतात. रविवारीं दुपारीं पहिली पाळी पुतणीची आहे. तात्यांनीं वामकुक्षी पुढें ढकलली आहे.