मीटर कमी, गंज जास्त : अशी गाडी घ्यावी काय?

कनेरगाव नाका हे हिंगोली आणि वाशीम जिल्ह्यांच्या सीमेवरचे गाव. अकोल्याहून नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ याच वाटेने जातो. त्यामुळे हिंगोलीच्या एमएच-३८, वाशीमच्या ३७, अकोल्याच्या ३० आणि नांदेडच्या २६ अशा सगळ्या पाट्यांच्या गाड्या येथे दिवसभर दिसतात. अधूनमधून मुंबईच्या पाटीची एखादी जुनी मोटारही विक्रीसाठी येऊन उभी राहते. दलाल सांगतो, "साहेब, एकाच मालकाची गाडी आहे, चाललेलीच नाही." आमच्यासारख्या छोट्या व्यापाऱ्याला हे वाक्य फार गोड लागते.

अशीच एक छोटी पेट्रोल गाडी आमच्यासमोर आली. आमचा हळदीचा बेताचा व्यवहार. नमुने घेऊन हिंगोलीच्या बाजारात जायचे, वसुलीसाठी वाशीम गाठायचे आणि वेळप्रसंगी आईला दवाखान्यात न्यायचे, एवढीच गरज. व्याजाचे कर्ज काढायचे नाही हे घरात ठरलेले. दोन हंगामांची बचत नव्वद हजार रुपये हाती होती आणि गाडीवाला पंच्याऐंशी हजार मागत होता. पंधरा वर्षे पुरी व्हायला काही महिनेच उरलेल्या त्या गाडीचे मीटर होते ३४ हजार किलोमीटर. दाराच्या खालच्या कडेला मात्र गंजाचे तांबूस फुगे आलेले होते.

आधी मीटरचा हिशेब पाहू. पंधरा वर्षांत ३४ हजार म्हणजे दिवसाला सुमारे सहा किलोमीटर. निवृत्त माणसाची गाडी एवढीच चालणे अशक्य नाही. पण मीटर मागे फिरवता येते हेही तितकेच खरे. म्हणून सर्व्हिस बुकातील तारखा आणि आकडे ताडून पाहावेत. ब्रेक-क्लचच्या पायट्यांचे रबर, स्टिअरिंगची झीज, चालकाच्या सीटचा बसका भाग पाहावा. आमच्या गाडीत या साऱ्या खुणा मीटरशी जुळत होत्या. मीटर खरे होते. इथेच आम्ही भुललो.

कारण कमी चाललेली गाडी ही सुस्थितीतली गाडी असतेच असे नाही. उभ्या गाडीचे वय थांबत नाही. टायरवर शेवटचे चार आकडे आठवडा आणि साल सांगतात. नक्षी नवी दिसली तरी रबर जुने होऊन तडकलेले असते. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. रोज चार-सहा किलोमीटरच चालणाऱ्या गाडीचा सायलेन्सर पुरता तापत नाही, आत जमलेले पाणी तिथेच राहते आणि तो आतून सडतो. त्यात समुद्रकाठची दमट, खारी हवा लागली तर मग विचारायलाच नको. लोखंडाला पाणी आणि प्राणवायू मिळाला की गंज धरतो. मीठ त्याचा वेग वाढवते. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात गंज मंदावेल, पण दुमडीत शिरलेला गंज गाव बदलले म्हणून थांबत नाही.

गंज दोन प्रकारचा असतो, हे गिऱ्हाइकाने पक्के ध्यानात घ्यावे. एक वरचा. तो घासून, प्रायमर मारून, रंग दिला की भागते. त्यासाठी भाव पाडून घ्यावा. दुसरा हाडात गेलेला. आजच्या छोट्या मोटारींना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. रनिंग बोर्ड, जॅक लावायची जागा, पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचे माथे, मॅटखालची फरशी, डिकीतील स्टेपनीचा खड्डा आणि ब्रेकच्या नळ्या येथे पत्रा सडला असेल तर गाडी सोडून द्यावी. अपघातात हाच पत्रा आपल्या बायकामुलांना वाचवणार असतो.

आम्ही ओळखीच्या मिस्त्रीला बरोबर नेले. त्याने बॉनेट उघडण्याआधी खिशातून कापडात गुंडाळलेले लोहचुंबक काढले. दारावर ते चिकटले, चालकाच्या बाजूच्या रनिंग बोर्डावर मात्र घसरून पडले. तिथे पत्रा नव्हता, पुट्टी होती. मॅट उचलून त्याने पेचकसाचे टोक दाबले, ते सरळ आरपार गेले. "शेठ, इंजिन दहा वर्षं चालेल, पण बसणार कशात?" एवढेच तो म्हणाला.

तरीही मोह सुटेना. मग कागदावर हिशेब मांडला. पत्रा कापून जोडायचे तीस हजार, चार टायर, बॅटरी. शिवाय पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण आलेच. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाली. पर्यावरण कर वेगळा आणि आरटीओची तपासणी वेगळी. त्या तपासणीत सडका पत्रा अडला तर सारेच पैसे पाण्यात. बचतीच्या दीडपट खर्च दिसू लागला. आम्ही गाडी सोडली.

पण खरे सांगायचे ते पुढेच आहे. १९३० चा माल विक्री कायदा साधारणपणे माल पारखण्याची जबाबदारी खरेदीदारावर टाकतो. आपला दीन मात्र ती विकणाऱ्यावरही टाकतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, अशी विचारणा त्यांनी केली आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. पुट्टीखालचा गंज ही त्याच राशीतली ओल आहे.

आणि दलालाला नावे ठेवताना आम्हाला आमचीच जुनी व्हॅन आठवली. विकण्यापूर्वी तिच्या फरशीला आम्ही काळा रंग मारून घेतला होता. घेणाऱ्याने विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. त्या दिवशी तो व्यवहार हुशारीचा वाटला होता. आज तो माणूस कुठे आहे हे आम्हाला ठाऊक नाही, आणि हे ओझे नव्वद हजारांपेक्षा जड आहे.

तेव्हा वाचकहो, जुनी गाडी जरूर घ्या. ती गरजवंताची सोय आहे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, कर्जाचा बोजा आणि थकलेले चलान तपासा. मीटर शेवटी पाहा, पत्रा आधी पाहा. आणि विकायची वेळ आली तर मॅट स्वतःच उचलून दाखवा. दोन पैसे कमी येतील. पण त्याच पैशांत बरकत असेल.