गणतीला घाबरणारे राज्य

चौकशी झालेली प्रकरणे ३,१०,७५९. बेकायदा स्थलांतरित म्हणून घोषित झालेल्या व्यक्ती १०,०१५. प्रत्यक्षात देशाबाहेर काढलेले १,४८१. हे आकडे कोणा प्रचारकाने सभेत फेकलेले नाहीत. सर्वानंद सोनोवाल यांच्या याचिकेवर १२ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालपत्रात ते नमूद आहेत. 'आय.एम.डी.टी.' या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या १९८३ च्या कायद्याखाली आसामात एप्रिल २००० अखेर जे काम झाले, त्याचा हा जमाखर्च. सोळा-सतरा वर्षांचा खटाटोप आणि निष्पत्ती शेकडा अर्धा टक्काही नाही!

त्याच निकालपत्रात शेजारच्या पश्चिम बंगालचाही आकडा आहे. तेथे १९४६ चा जुना परकीय नागरिक कायदा लागू होता. १९८३ ते नोव्हेंबर १९९८ या काळात तेथून ४,८९,०४६ जणांना परत धाडण्यात आले. बंगालमध्ये त्या वेळी कोणाची राजवट होती हे वाचकांना सांगावयास नको. डाव्यांच्या राज्यात साध्या कायद्याने जे साधले, ते आसामात खास त्यासाठी म्हणून केलेल्या कायद्याने साधले नाही. कारण सरळ आहे. तो कायदा ते साधण्यासाठी केलेलाच नव्हता.

उफराटा कायदा

जगातील बहुतेक देशांत 'मी येथील नागरिक आहे' हे दाखविण्याची जबाबदारी संबंधित व्यक्तीवर असते. कागदपत्रे तिच्याजवळ असतात, जन्म कोठे झाला हे तिला ठाऊक असते. १९४६ च्या कायद्याचे नववे कलम हेच सांगत होते. आसामसाठी मात्र ते उलटे करण्यात आले. अमुक इसम परदेशी आहे हे तक्रार करणाऱ्याने वा सरकारने सिद्ध करावयाचे. शिवाय तक्रारदार संशयिताच्या घरापासून तीन किलोमीटरच्या आत राहणारा हवा, त्याने शपथपत्र द्यावे आणि वर शुल्कही भरावे. गावात ज्यांचे संख्याबळ वाढले आहे त्यांच्याविरुद्ध, त्यांच्याच शेजारी राहून, पदरचे पैसे मोडून शपथपत्र करणारा माणूस कोठून आणावयाचा? चोर पकडण्यासाठी घरमालकाकडूनच जामीन मागावा, असा हा न्याय!

न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरविला. राज्यांचे बाह्य आक्रमणापासून व अंतर्गत अशांततेपासून रक्षण करणे हे घटनेच्या ३५५ व्या कलमानुसार केंद्राचे कर्तव्य आहे आणि या कायद्याने त्या कर्तव्याच्या वाटेतच अडथळा निर्माण केला, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. निकालाची शाई वाळते न वाळते तोच तत्कालीन केंद्र सरकारने २००६ मध्ये आसामपुरता नवा आदेश काढून तीच तरतूद मागील दाराने आत आणण्याचा प्रयत्न केला. डिसेंबर २००६ मध्ये न्यायालयाने तोही फेटाळला. ज्या सरकारला निकालाची अंमलबजावणी करावयाची होती, तेच त्यातून पळवाट शोधत होते.

बोललेले आकडे, गिळलेले आकडे

बेकायदा स्थलांतरित नेमके किती, याचे उत्तर भारतीय राज्यसंस्थेने आजवर सरळ दिलेले नाही. एप्रिल १९९२ मध्ये मुख्यमंत्री हितेश्वर सैकिया यांनी आसामच्या विधानसभेत तीस लाखांचा आकडा सांगितला आणि थोड्याच दिवसांत शब्द फिरविला. मे १९९७ मध्ये गृहमंत्री इंद्रजित गुप्त (कम्युनिस्ट पक्षाचे, हे ध्यानात घ्यावे) संसदेत देशभराचा आकडा एक कोटीच्या घरात सांगून गेले. जुलै २००४ मध्ये गृहराज्यमंत्री श्रीप्रकाश जयस्वाल यांनी तर १,२०,५३,९५० असा शेवटच्या पन्नासापर्यंत मोजलेला आकडा राज्यसभेत दिला. त्यांपैकी पन्नास लाख आसामात! काही दिवसांतच ती माहिती विश्वासार्ह नसल्याचे सांगून त्यांनी हात झटकले. २०१६ मध्ये किरेन रिजिजू यांनी सुमारे दोन कोटी असे सांगितले. चार मंत्री, चार आकडे. यांतील कोणता खरा या वादात पडण्यात अर्थ नाही, कारण एकामागेही प्रत्यक्ष गणती नाही. ज्या देशाचे गृहखाते आपल्या घरात किती परके राहतात हे अंदाजाने सांगते आणि ओरड झाली की अंदाजही मागे घेते, त्या देशाच्या सीमेला सीमा का म्हणावे?

मतदार यादी हे या लपवाछपवीचे उगमस्थान. १९७९ मध्ये मंगलदोई लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक व्हावयाची होती. यादी तपासावयास घेतली आणि हजारो नावांवर हरकती आल्या. त्यातून सहा वर्षांचे आसाम आंदोलन उभे राहिले. त्यात ८५५ जणांनी प्राण दिले, अशी आंदोलकांची नोंद आहे. आंदोलनाचा विरोध डावलून फेब्रुवारी १९८३ मध्ये निवडणूक लादण्यात आली. त्या धामधुमीत १८ फेब्रुवारीला नेल्ली येथे स्थलांतरित मुसलमानांची भीषण कत्तल झाली. सरकारी हिशेबानेही मृतांची संख्या दोन हजारांच्या आसपास होती, आणि त्यांत स्त्रिया व मुले मोठ्या संख्येने होती. या रक्तपाताचे समर्थन कोणालाही करता येणार नाही. परंतु कायद्याने सोडवावयाचा प्रश्न राज्यकर्ते वर्षानुवर्षे कुजवत ठेवतात तेव्हा तो शेवटी कोणाच्या हाती जातो, हे नेल्लीने दाखविले. त्याच वर्षी दिल्लीने यावर उपाय म्हणून आणला तो वर वर्णिलेला उफराटा कायदा!

महाराष्ट्राला या राजकारणाचा अनुभव जुलै १९९८ मध्ये आला. मुंबई पोलीस बांगलादेशी ठरविलेल्या काही जणांना कुर्ला-हावडा गाडीने सीमेकडे नेत असता उलुबेरिया स्थानकात जमावाने गाडी अडवून त्यांना सोडविले. त्यांतील काही जण भारतीय नागरिक असल्याचा बंगालचा दावा होता. तो खरा की खोटा हे ठरविण्याची जागा न्यायाधिकरण होती, रेल्वेचा फलाट नव्हे. मात्र असा दावा करण्यास वाव राहतो, याचे कारणही पुन्हा तेच. विश्वसनीय नोंदच नाही.

जमीन आणि भाषा

आसामचा प्रश्न केवळ धर्माच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांना, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, तो अर्धाच दिसतो. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात मैमनसिंगकडील शेतकरी विसाव्या शतकाच्या आरंभापासून येऊ लागले. तेव्हा ते एकाच ब्रिटिश राज्यातील स्थलांतर होते. तरीही १९२० च्या सुमारास इंग्रज अधिकाऱ्यांना नगाव व कामरूप जिल्ह्यांत गावांच्या शिवारात 'रेषा' आखून तिच्या पलीकडे नव्या आगंतुकांना जमीन घेण्यास बंदी करावी लागली. परक्या सत्तेलाही जे दिसले, ते स्वकीय सत्तेला दिसू नये! गोपीनाथ बारदोलोईंना ते दिसत होते. १९४६ मध्ये आसामला मुस्लिमबहुल गटात ढकलण्याची योजना त्यांनी कणखरपणे हाणून पाडली, आणि १९४७ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत जमीन महसूल कायद्यात जनजातींच्या संरक्षित पट्ट्यांची तरतूद झाली. त्या पट्ट्यांत अतिक्रमणे होत राहिली, शंकरदेवांच्या परंपरेतील सत्रांच्या जमिनींवरही झाली, आणि महसूल खाते पाहत राहिले.

त्या जुन्या स्थलांतरितांपैकी असंख्यांनी स्वातंत्र्यानंतर आपली मातृभाषा असमिया म्हणून नोंदविली, मुलांना असमिया शाळांत घातले. समाज परक्याला आपलासा करू शकतो, याचा हा पुरावा. पण त्यासाठी वेळ लागतो आणि ओघ थांबावा लागतो. तो थांबला नाही. १९५१ ते १९७१ या दोन दशकांत आसामची लोकसंख्या प्रत्येकी सुमारे ३५ टक्क्यांनी वाढली. देशाची वाढ त्याच दशकांत अनुक्रमे २१.६ व २४.८ टक्के होती. असमिया भाषकांचे प्रमाण १९९१ मध्ये ५७.८ टक्के होते, ते २०११ मध्ये ४८.४ टक्क्यांवर आले. आपल्याच राज्यात आपली भाषा निम्म्याखाली गेलेली पाहणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळे समजावून देण्याची गरज नाही. पिढ्यान्‌पिढ्या असमिया बोलणारे गोरिया, मोरिया, देशी मुसलमानही या घसरणीचे तितकेच बळी आहेत. २०२२ मध्ये राज्य सरकारने त्यांच्यासह पाच समूहांना मूलनिवासी म्हणून मान्यता दिली, ती योग्यच झाली.

स्वस्त मजुरीचे लाभार्थी

स्थलांतराने अर्थव्यवस्था बहरते, हा उदारमतवादी अर्थपंडितांचा आवडता सिद्धान्त. त्यासाठी मायामीचा दाखला दिला जातो. १९८० मध्ये क्यूबातून सव्वा लाख माणसे अमेरिकेत आली, त्यांतील बरीचशी त्या एका शहरात स्थिरावली, तरी तेथील मजुरी घटली नाही, असे डेव्हिड कार्ड यांनी दाखविले. पुढे जॉर्ज बोर्हास यांनी तीच आकडेवारी उलगडून सर्वांत कमी शिकलेल्या कामगारांची मजुरी मात्र लक्षणीय घसरल्याचे सांगितले. पंडितांचा वाद चालू राहो. मायामीतल्या माणसाला सरकारने राहण्याची परवानगी दिली होती, एवढे मात्र विसरता कामा नये. तो मालकाविरुद्ध तक्रार करू शकत होता. बेकायदा आलेला मजूर तक्रार करू शकत नाही. किमान वेतन मागितले तर त्याचा ठेकेदार पोलिसांचे नाव घेतो. म्हणूनच तो ठेकेदाराला हवा असतो, आणि त्याच्या बाजूला उभा असलेला बोडो, कचारी किंवा चहामळ्यातून बाहेर पडलेला नागरिक मजूर नको असतो. लाभ वीटभट्टीवाल्याचा, तोटा गरिबाचा, आणि शाळा-दवाखान्यांवरचा भार सर्वांचा.

त्या मजुराचे तरी भले होते काय? २००२-०३ च्या सरकारी पाहणीत आसामच्या नदीतील चर भागांत सुमारे २५ लाख लोक राहत होते. साक्षरता १९ टक्के, दारिद्र्यरेषेखाली ६८ टक्के. यांतील बहुसंख्य नागरिकच आहेत. १९५० पासून ब्रह्मपुत्रेने व तिच्या उपनद्यांनी सव्वाचार लाख हेक्टरहून अधिक जमीन गिळली आहे. शेत वाहून गेलेला चरवासी गुवाहाटीत हातगाडी ओढावयास आला की पहिल्याच चौकात 'बांगलादेशी' ठरतो. बेकायदा मतांच्या गठ्ठ्यावर ज्यांनी निवडणुका जिंकल्या, त्यांनी या नागरिकाचे नागरिकत्वही संशयास्पद करून ठेवले.

दोष एकट्या राजकारण्यांना देऊन मध्यमवर्गाला सुटता येणार नाही. महानगरांतील गृहसंकुले कोणाच्या श्रमावर उभी राहतात, ठेकेदार इतक्या कमी दरात माणसे कोठून आणतो, घरकामाच्या बाईचे ओळखपत्र खरे की बनावट, हे प्रश्न किती घरांत विचारले जातात? घुसखोरीवर संध्याकाळी तावातावाने बोलणारी मंडळी सकाळी दोनशे रुपये वाचतात म्हणून डोळे मिटून घेतात.

ओझे एकट्याने का वाहावे?

त्रिपुराचे उदाहरण स्वकीयांनाही अस्वस्थ करणारे आहे. १९४१ मध्ये तेथे जनजातींची संख्या जवळजवळ निम्मी होती, २०११ मध्ये ती ३१.८ टक्के उरली. येणारे बव्हंशी पूर्व पाकिस्तानातून जीव वाचवून आलेले हिंदू होते. त्यांना आश्रय देणे हे भारताचे कर्तव्यच होते, आजही आहे. शरणार्थी आणि घुसखोर यांना एका तागडीत तोलणे हा अन्याय होय. परंतु दिल्लीने कर्तव्य पार पाडले ते त्रिपुरी जनजातींच्या जमिनीवर, आणि त्यातून दशकांची सशस्त्र बंडाळी ओढवून घेतली. वास्तविक कर्तव्य साऱ्या देशाचे असेल तर भारही साऱ्या देशाने वाटून घ्यावयास हवा. असे घडलेले आहे. दंडकारण्यात हजारो कुटुंबे वसविली गेली, तत्कालीन चांदा जिल्ह्यातही बंगाली निर्वासित आले, आणि आज गडचिरोलीतील मुलचेरा व चामोर्शी तालुक्यांत त्यांची गावे नांदत आहेत. सुधारित नागरिकत्व कायद्याला २०१९ मध्ये आसामातून कडाडून विरोध झाला, त्यामागची भीती हीच होती की, येणारा कोणीही असो, तो आसामच्याच माथी मारला जाईल. त्या विरोधाला देशद्रोह म्हणणाऱ्यांनी आसाम करार पुन्हा वाचावा. उर्वरित देशासाठी नागरिकत्वाची मर्यादा जुलै १९४८ ची होती. १५ ऑगस्ट १९८५ च्या कराराने आसामसाठी ती २४ मार्च १९७१ पर्यंत ताणली. जवळजवळ तेवीस वर्षांचा जादा भार त्या राज्याने राष्ट्रासाठी स्वीकारला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ती तरतूद वैध ठरविली. त्या मोबदल्यात असमिया समाजाच्या सांस्कृतिक व भाषिक रक्षणाचे जे सहावे कलम करारात आहे, ते मात्र चाळीस वर्षांनंतरही कागदावरच आहे.

आता केंद्रात व राज्यात राष्ट्रहिताची भाषा बोलणारी सरकारे आहेत. १९४६ च्या कायद्याची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून नव्या कायद्याने घेतली आहे. सीमेवर ३,२०० किलोमीटरहून अधिक कुंपण उभे आहे, धुबरीच्या नदीपात्रात इलेक्ट्रॉनिक पहारा बसला आहे. हे सारे स्वागतार्ह. पण मूळ दुखणे गणतीचे होते, आणि तेथे काय झाले? राष्ट्रीय नागरिक नोंदणीसाठी ३ कोटी ३० लाख लोकांनी अर्ज केले. शेकडो कोटी रुपये खर्च झाले, आपले आजोबा कोण हे दाखविण्यासाठी गोरगरिबांनी गाई-बकऱ्या विकून कागद गोळा केले. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी अंतिम यादी लागली आणि १९,०६,६५७ जण बाहेर राहिले. यादी कोणालाच पटली नाही. पात्र वगळले गेले, अपात्र आत आले, अशी ओरड सर्व बाजूंनी झाली. फेरतपासणी करावयाची तर ती करावी, नाही तर यादी अधिसूचित करावी. दोन्हींपैकी काहीच झाले नाही. २०२१ ची जनगणनाही झाली नाही, ती २०२७ वर गेली.

वगळलेल्या प्रत्येकाला नकाराची चिठ्ठी मिळावयाची, आणि त्यानंतर १२० दिवसांत त्याने परकीय नागरिक न्यायाधिकरणाकडे दाद मागावयाची, असा नियम आहे. त्या एकोणीस लाखांत नागरिक कोण आणि परका कोण हे तेथेच ठरणार आहे. सहा वर्षे उलटली तरी चिठ्ठ्या निघालेल्या नाहीत आणि १२० दिवसांतला पहिला दिवसही अद्याप उगवलेला नाही.