गाडीचे आयुष्य आणि पडद्याचे आयुष्य

होंडा कंपनीच्या 'गोल्डविंग' या लांब पल्ल्याच्या मोटरसायकलीला २०२५ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने कंपनीने गाडीत ज्या सुधारणा जाहीर केल्या, त्यांत एक अशी होती की, स्वाराचा मोबाइल फोन आता तारेवाचून गाडीच्या पडद्याशी जोडता येईल. मोटारगाड्यांत ही सोय रुळून काही वर्षे लोटली होती. अ‍ॅपलची 'कारप्ले' ही प्रणाली मोटरसायकलीवर प्रथम आणण्याचा मान २०१८ च्या गोल्डविंगकडे जातो. परंतु त्या गाडीत फोन तारेने जोडावा लागे, आणि तेवढे करूनही हेल्मेटमधला हेडसेट गाडीशी जुळलेला नसेल तर कारप्ले सुरूच होत नसे. अँड्रॉइड फोन बाळगणाऱ्यांना तर २०२० पर्यंत हेही सुख नव्हते. जगातील अत्यंत महाग मोटरसायकलींत गणना होणाऱ्या या गाडीची एक तार काढून टाकायला सात वर्षे लागली!

श्रीमंत हौशी प्रवाशांच्या या कुरबुरीशी शिक्षकाचा किंवा कारकुनाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो निकटचा आहे. टीव्हीएस कंपनीने २०१८ मध्ये 'एनटॉर्क' ही सव्वाशे सीसीची स्कूटर बाजारात आणली, तेव्हाच फोनशी जोडलेले दिशादर्शन कचेरीला जाणाऱ्यांच्या वाहनात येऊन पोहोचले. रोग बड्या घरी आधी दिसला, इतकेच.

रोगाचे मूळ दोन वस्तूंच्या आयुष्यमानातील तफावतीत आहे. २००६ च्या गोल्डविंगमध्ये होंडाने दिशादर्शक यंत्र कारखान्यातच बसवून दिले. त्या वेळी आयफोन बाजारात यायला अजून एक वर्ष होते. त्या गाडीचे १८३२ सीसीचे, सहा सिलिंडरांचे इंजिन नीट राखले तर आजही तक्रार न करता धावते. पण तिच्या पोटातील पडदा आणि नकाशा मात्र पुराणवस्तू झाले आहेत. हार्ले-डेव्हिडसनचा इतिहास निराळा नाही. २०१४ च्या गाड्यांत 'बूम बॉक्स' ही टचस्क्रीनची पेटी आली, २०१९ मध्ये तिची जागा दुसरीने घेतली आणि २०२३ मध्ये निवडक गाड्यांवर तिसरी अवतरली. दहा वर्षांत तीन पिढ्या! एवढ्या अवधीत मोटरसायकलीचे इंजिन धड जुनेही होत नाही. गाडी घेणारा वीस वर्षांचा हिशेब करतो, पडदा बनवणारा चार-पाच वर्षांचा. आणि दोन्ही वस्तू एकाच खोक्यात बंद केल्यावर नुकसान कोणाच्या पदरी पडणार, हे सांगायला नको.

यात बाहेरच्या जगावरील अवलंबित्वाची भर पडते. एटी अँड टी या अमेरिकी कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्री-जी सेवा बंद केली, तेव्हा तिच्या भरवशावर चालणाऱ्या कित्येक मोटारींतील जोडणीच्या सोयी एका दिवसात मुक्या झाल्या. त्याच वर्षी जानेवारीत होंडाच्या काही जुन्या मोटारींतील घड्याळे एकाएकी २००२ साल दाखवू लागली. मालकांनी हाताने वेळ लावून पाहिली, ती टिकेना. ऑगस्टमध्ये ती आपोआप दुरुस्त होईल, असे कंपनीने कळवले. भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देणाऱ्या पिढीला ही अगतिकता कळणे कठीण आहे.

बीएमडब्ल्यूने वेगळा मार्ग धरला. मात्र तो अधिक सुखाचा म्हणवत नाही. या कंपनीच्या प्रवासी गाड्यांवर पूर्वी 'नॅव्हिगेटर' नावाचे, गार्मिनने बनवलेले सुटे यंत्र बसवण्याची जागा असे. ते काढून खिशात घालता येई आणि बिघडले तर बदलता येई. २०२१ च्या 'आर १२५० आरटी'वर सव्वादहा इंची भव्य पडदा आला. पण त्यावर नकाशा उमटतो तो स्वाराच्या फोनमधील कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमधून. कारप्ले नाही, अँड्रॉइड ऑटोही नाही. म्हणजे फोन आपला, इंटरनेटचा खर्च आपला, पडद्याची किंमतही आपण मोजलेली. नकाशा कोणाचा वापरायचा, हे मात्र कंपनी ठरवणार. या व्यवहाराला सोय म्हणावे की वेठ, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. हँडलवर फोन अडकवून हिंडणे निर्धोक नाही. मोटरसायकलीच्या इंजिनाच्या तीव्र कंपनांमुळे आयफोनचा कॅमेरा खराब होऊ शकतो, असा इशारा खुद्द अ‍ॅपलने सप्टेंबर २०२१ मध्ये दिला. शिवाय पाऊस आहे, ऊन आहे, चोर आहेत. गाडी चालत असताना पत्ता टाइप करण्याची सोय बंद ठेवली जाते, त्यामागेही स्वाराच्या जिवाची काळजी आहे. मात्र मागे बसलेला सोबती रिकाम्या हातांनी तयार असताना त्यालाही मनाई असते, ही त्या काळजीची दुसरी बाजू.

काळजीच करायची तर ती पडद्यापासून सुरू व्हावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले की, चालकाची नजर एका वेळी दोन सेकंदांहून अधिक काळ रस्त्यावरून हटू नये. ताशी ८० किलोमीटर वेगात दोन सेकंदांत वाहन ४४ मीटर पुढे जाते. या सूचना मोटारींसाठी होत्या. मोटरसायकलस्वाराभोवती पत्र्याचे कवचही नसते आणि तोल सांभाळण्याचे काम त्याच्यावरच असते. जाड हातमोजा, पडद्यावर पावसाचे थेंब, पाठीमागून ऊन, अशा स्थितीत गुळगुळीत काचेवरचे चिमुकले चिन्ह नेमके दाबायचे! २०१७ मध्ये सिंगापूरजवळ अमेरिकी आरमाराच्या 'जॉन एस. मकेन' या विनाशिकेची टक्कर होऊन दहा खलाशी मृत्युमुखी पडले. जहाज हाकण्याच्या टचस्क्रीनमुळे झालेला गोंधळ चौकशीत पुढे आला आणि आरमाराने हाताने धरायचे दांडे परत आणण्याचे ठरवले. गोल्डविंगचा पडदा स्पर्शाने चालत नाही, बटणांनी चालतो, हे तिच्या श्रेयाचे नमूद केले पाहिजे.

आपल्याकडचा अनुभव अधिक बोलका आहे. रॉयल एनफील्डने नोव्हेंबर २०२० मध्ये 'मिटिऑर ३५०' आणली, तेव्हा वेगमापकाशेजारी 'ट्रिपर' नावाची एक छोटी वाटोळी तबकडी होती. पुढचे वळण डावे की उजवे, एवढेच ती दाखवी. २०२२ मध्ये जगभर चिपांचा तुटवडा पडला, तशी कंपनीने ती ऐच्छिक करून टाकली. तबकडीवाचून गाडी विकली गेली आणि धावलीही. सुटी वस्तू सुटीच ठेवल्याचा हा लाभ. नोव्हेंबर २०२३ च्या 'हिमालयन ४५०'वर मात्र वेग, इंधन आणि गूगलचा नकाशा हे सारे चार इंची एकाच गोल पडद्यावर आले. दिसायला तो देखणा आहे. पण उद्या तो पडदा गेला तर नकाशाबरोबर वेगमापकही गेला, आणि गावच्या गॅरेजवाल्याकडे त्याला उपाय नाही.

नकाशाला आपण दुचाकीवर आहोत हे कळते काय, हाही प्रश्न महाराष्ट्रात क्षुल्लक नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू, अटल सेतू आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग या सर्वांवर दुचाकींना बंदी आहे. मोटारीसाठी आखलेला मार्ग दाखवणारे यंत्र स्वाराला बिनदिक्कत टोलनाक्यापर्यंत नेऊन उभे करील. गूगलने डिसेंबर २०१७ मध्ये दुचाकींसाठी स्वतंत्र मार्गदर्शन सुरू केले ते प्रथम भारतात, यातच सर्व आले. गाडीत कायमच्या कोंडलेल्या नकाशाला असे शहाणपण मागाहून कोण शिकवणार? लाहौलमधील तांदी येथे मनाली-लेह रस्त्यावरच्या पेट्रोलपंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचे सांगणारी पाटी वर्षानुवर्षे उभी होती. लाखो रुपयांच्या पडद्याने नेटवर्कअभावी मान टाकल्यावर अशा पाटीचेच मोल वाटते.

यावर उपाय नवा शोधावा लागणार नाही. मोटारीतील रेडिओसाठी १८० मिलिमीटर रुंद व ५० मिलिमीटर उंच अशी एक प्रमाण खाच जर्मनीत ठरली आणि पुढे ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. त्यामुळे रेडिओचा कॅसेट प्लेअर झाला, कॅसेटची सीडी झाली, गाडी तीच राहिली. कोणत्या कंपनीचे यंत्र बसवायचे ते मालक ठरवी. कंपन्यांनी रेडिओ डॅशबोर्डमध्ये विरघळवून टाकला, तशी ही मुभा संपली. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाइल फोनांना एकाच प्रकारचे चार्जिंग सॉकेट सक्तीचे केले, तेव्हाही हे अशक्य असल्याचे सांगितले गेले होते. आपल्या केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल उघडले आणि त्यात मोटारवाहनांचा समावेश केला. पण तेथे माहिती देणे एक आणि हक्क देणे दुसरे. गाडी विकताना पडद्याची बदली किंमत काय, नकाशा किती वर्षे मोफत अद्ययावत होईल आणि कंपनीने अ‍ॅप बंद केले तर गाडीतील कोणत्या सोयी शिल्लक राहतील, या तीन गोष्टी बिलावर छापण्याची सक्ती आजच करता येईल. आणि भारतीय मानक ब्यूरोने हँडलजवळ सर्व कंपन्यांना समान अशी एक खाच व एक वीजजोडणी ठरवून द्यायला कोणते शास्त्र आड येते, तेही उत्पादकांनी एकदा जाहीरपणे सांगावे.