नाव विकणें आहे

या सदरांत आजवर घर, जमीन व दागिने यांच्या सौद्यांविषयीं लिहिलें. आज नावेविषयीं लिहितों. पळसदेवाहून नावेची गोष्ट यावी याचें पुण्याकडील वाचकांस नवल वाटेल. परंतु भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें, जुनें पळसदेव पाण्याखालीं गेलें, आणि ज्या पळसनाथास लोक पायीं जात तेथें वल्हें मारीत जाण्याची पाळी आली. पाणी फार ओसरलेल्या उन्हाळ्यांत तेवढें देवालय उघडें पडतें. बैलाची पारख आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची. नावेची मात्र एका पिढींत शिकावी लागली. शिवाय बैलास बाजार आहे, दांत पाहणारे चार जाणते तेथें जमतात. जुन्या होडीस बाजार नाहीं. मासेमारी सोडणारा ती कांठास बांधून ठेवतो आणि सौदा दोघांतच उरकतो.

“पावणं, तळ दावा की जरा.”

“पान्यात हाय, तळ कसा दावू? रंग बघा की, गेल्या म्हैन्यात दिलाय.”

ताजा रंग पाहून घेणाऱ्यानें हरखूं नये, उलट सावध व्हावें. या प्रसंगीं कायदा त्याचा फारसा कैवारी नाहीं. १९३० च्या मालविक्री कायद्याचें सामान्य सूत्र असें कीं, माल पारखून घेणें हें ग्राहकाचें काम. त्यास जे अपवाद आहेत ते मुख्यत: त्या मालाचा धंदा करणाऱ्या विक्रेत्यास लागतात, आपली एकुलती एक होडी विकणारा त्यांत सांपडत नाहीं. १८७२ च्या करारकायद्यानें तर केवळ मौनास सामान्यत: फसवणूक मानलेलें नाहीं. खोटें बोलूं नये, पण गप्प बसावयास हरकत नाहीं, असा याचा व्यवहारांतील अर्थ.

मनूची दृष्टि निराळी आहे. विकण्यास अयोग्य अशा मालांत त्यानें नि:सत्त्व व उणा माल तर सांगितलाच, पण झांकलेला मालही सांगितला. पाण्यांत उभी असलेली नाव याहून अधिक झांकलेली काय असणार? खरेदीविक्रीनंतरच्या पश्चात्तापास त्यानें अठरा व्यवहारपदांत स्वतंत्र स्थान देऊन दहा दिवसांची मुदत ठेविली. याज्ञवल्क्य वस्तुपरत्वें परीक्षेचे दिवस सांगतो: बियाण्यास दहा, लोखंडास एक, वाहत्या जनावरास पांच, रत्नास सात, दुभत्यास तीन. (त्या यादींत माणसांच्या खरेदीचीही मुदत आहे; तो भाग काळाबरोबर गेला हें उत्तमच झालें.) नावेचें नांव यादींत नाहीं. माझ्या मतें तिला वाहत्या जनावराचे पांच दिवस द्यावे.

त्यास कारण आहे. लांकडी होडी कोरडी पडली कीं फळ्या आकसतात. पाण्यांत घातल्यावर प्रथम झिरपते, आणि लांकूड फुगून सांधे आवळले कीं झिरपणें कमी होतें. म्हणून पहिल्या दिवसाच्या पाण्यावरून नाव टाकूं नये, व पांचव्या दिवशींही तितकेंच पाणी येत असेल तर घेऊं नये. त्याआधीं ती उलथी करून फळ्यांस टोकदार आरी लावून पाहावी. सहज रुतली तर लांकूड कुजलें. फायबरच्या होडीवर बोटांनीं ठोकावें. मध्येंच बद्द आवाज आला तर आंत थर सुटले असण्याचा संभव. इंजिन आपल्यासमोर थंड असतां सुरूं करावयास लावावें. शिडाची नाव आमच्याकडे दिसत नाहीं. पण कोंकणांत वा मुंबईस घेणाऱ्यानें शीड उन्हासमोर धरून शिवण ताणून पाहावी, कारण ऊन कापडास आंतून खातें.

एवढा खटाटोप कशासाठीं? २१ मे २०२४ रोजीं करमाळा तालुक्यांतील कुगावाहून आमच्या तालुक्यांतील कळाशीकडे येणारी नाव वादळी वाऱ्यांत उलटून सहा जण बुडाले. तेथें कारण वाऱ्याचें होतें. नावेच्या वयाचा दोष मी त्यांत घुसडीत नाहीं. परंतु वारा उठल्यावर नावेवर काय भार येतो तें सौद्याच्या शांत पाण्यांत दिसत नाहीं, आणि पुढें तींत बसणाऱ्या परक्या माणसास त्या सौद्याची वार्ताही नसते. बैल अडला तर माणूस उतरून चालूं लागतो.

इसारपावतींत लांबी, इंजिनाचा क्रमांक, वल्हीं व जाळीं सौद्यांत धरलीं कीं नाहीं हें लिहावें. आणि विकणाऱ्यानें सांगितलेले दोष स्वतंत्र ओळींत मांडून खालीं सही घ्यावी. ती ओळ लिहितांना हात आखडला तर तेंही एक उत्तरच समजावें. होडी भावाभावांची सामायिक असेल तर सर्वांच्या सह्या हव्या. अस्वामिविक्रय स्मृतीसही मान्य नाहीं, १९३० च्या कायद्यासही नाहीं.

दोष सांगितल्यास भाव उतरतो, ही तक्रार मीं पुष्कळ ऐकली आहे. उतरतो खरा. सौद्यास ज्येष्ठाचा प्रारंभ बरा. त्या दिवसांत पाणी मागें हटून पुष्कळ होड्या चिखलावर टेकलेल्या असतात, आणि लहान होडी उलथी करावयास चार माणसें पुरतात.